मजुरांच्या मुलांचा साक्षरता वर्ग: अर्ज नेमका कुठे अडतो

गोव्यात बांधकामावर बागलकोट, कोप्पळ, झारखंडहून आलेल्या कुटुंबांतल्या कित्येक मुलांकडे ना जन्मदाखला, ना आधार. एखादे मंडळ त्यांच्यासाठी वर्ग काढायचे ठरवते, हौसेने अर्ज देते आणि तो परत येतो. कारण बघावे तर लेटरहेडवर 'अमुकतमुक विद्यालय'. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 18 नुसार मान्यतेशिवाय शाळा चालवता येत नाही. दंड एक लाख रुपयांपर्यंत. म्हणून अर्ज तालुक्याच्या भागशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे, जवळच्या सरकारी प्राथमिक शाळेला पूरक वर्ग म्हणूनच करा. सोबत जागामालकाची संमती, शिकवणाऱ्यांची नावे, वेळ आणि मुलांची यादी. शिकवणाऱ्यांचे पोलीस दाखले कोणी मागितले नाहीत तरी जोडा.

वर्ग सुरू झाला म्हणून थांबू नका. मुलाचे नाव शाळेच्या पटावर गेले तरच पुस्तके आणि माध्यान्ह आहार मिळतो. घोडे पेंड खाते ते इथे.

खिडकीवर हमखास मागतात ते तीन कागद. पहिला जन्मदाखला. शिक्षण हक्क कायद्याचे कलम 14 सांगते की वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. दवाखान्याची किंवा अंगणवाडीची नोंद चालते. तीही नसेल तर पालकाने वयाबाबत दिलेले लेखी निवेदन. दुसरे आधार. प्रवेशासाठी ते सक्तीचे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्येच सांगितले आहे. तिसरा शाळा सोडल्याचा दाखला. गावच्या कन्नड शाळेतून तो यायला उशीर झाला तरी प्रवेश रोखता येत नाही (कलम 5). गोव्यात 15 वर्षे राहिल्याचा मामलेदारांचा (तालुक्याच्या महसूल अधिकाऱ्यांचा) रहिवासी दाखला तर इथे लागतच नाही. कोणी मागितलाच तर कुठल्या नियमाने, ते लेखी मागा. घटनेच्या 21-अ कलमात 6 ते 14 वयाची 'सर्व मुले' आहेत, फक्त गोंयकारांची नव्हेत.

वयाचे निवेदन लिहिताना घाई नको. आई म्हणते, "उगादीच्या आधी झाला," म्हणजे पाडव्याच्या आधी, आणि गुरुजी सरळ 1 जून टाकून मोकळे होतात. भावंडांत पाच महिन्यांचे अंतर दिसू लागले की पुढे निस्तरत बसावे लागते, कारण शाळेच्या जनरल रजिस्टरमधली (विद्यार्थ्यांच्या कायम नोंदवहीतली) तारीख बदलणे सोपे नसते. आडनावाचेही तसेच. बापाच्या नावाआधीचे अक्षर बहुधा गावाचे असते. ते आडनावाच्या रकान्यात कोंबू नका. एकदा ठरवलेले स्पेलिंग सगळीकडे तेच ठेवा.

आता तारीख. सूचनेत प्रवेशाची शेवटची तारीख असते आणि ती गेली की वर्ष गेले, असे पालकच काय, काही मुख्याध्यापकही समजतात. तसे नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 15 नुसार मुदत संपल्यावरही प्रवेश द्यावाच लागतो. पावसात कामे मंदावली की ही कुटुंबे गावी जातात आणि नेमका प्राथमिकचा प्रवेश असतो जूनमध्ये, त्यामुळे हे कलम पाठच करून ठेवा. दहा वर्षांच्या मुलाला पहिलीत बसवायचे नाही. वयानुरूप वर्गात घेऊन कलम 4 चे विशेष प्रशिक्षण द्यायचे, किमान तीन महिने, जास्तीत जास्त दोन वर्षे. तुमचा वर्ग खरा उपयोगी पडतो तो याच काळात.

तान्ह्या बाळांचे मात्र आत्ताच बघा. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशासाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जाणार आहे. नोंद 21 दिवसांत, तीही जिथे जन्म झाला तिथेच. वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. गावी जन्मलेल्या बाळासाठी इथल्या पंचायतीत हेलपाटे घालू नका.

अर्ज तोंडी नाकारला तर वाद न घालता इनवर्ड नंबर (अर्ज मिळाल्याचा आवक क्रमांक) मागा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 32 खाली लेखी तक्रार केली की तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. त्यावर अपील बालहक्क आयोगाकडे. साइट संपून कुटुंब हलणार असे कळले, तर त्याच दिवशी शाळेतून दाखला काढा. तो लगेच देणे मुख्याध्यापकांवर बंधनकारक आहे.