“बायकांना हार्टचं काही होत नाही” हे खरं नाही

आमच्या सोलापुरात अजून सर्रास ऐकू येतं, हार्ट अटॅक म्हणजे पुरुषांचा आजार, बाईला काय होतंय. अहो, जगात बायकांच्या मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण हृदयविकारच आहे. यात अर्धं खरं एवढंच की पाळी चालू असेपर्यंत इस्ट्रोजेन या बायकांच्या हार्मोनमुळं थोडं संरक्षण असतं, पण पाळी गेली की वाईट कोलेस्टेरॉल वाढतं, चरबी पोटावर साठते, बीपी-शुगर वर सरकते. मग हार्मोनच्या गोळ्या घेऊन हार्ट वाचेल का, तर नाही, २००२ साली अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासानं तो समज मोडला.

आणि लक्षणं! छातीत दुखतंच बऱ्याच जणींना, पण कधी नुसता दम लागतो, जबडा नाहीतर पाठ दुखते, मळमळतं, घाम फुटतो, आणि घरचे म्हणतात शेंगाचटणी जास्त झाली, ॲसिडिटी आहे, सोडा घे. असं करू नका प्लीज, लगेच १०८ लावा.

गरोदरपणात शुगर किंवा बीपी वाढलेलं असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, पुढं धोका जास्त असतो. विड्या वळायला दिवसभर बसणाऱ्या मावश्यांनी तर मधूनमधून उठून चालायलाच पाहिजे, आणि मिश्री बंद. कंबर ८० सेंटीमीटरच्या वर गेली असेल तर बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल याच महिन्यात तपासून घ्या.