इंजिन गेले, शिट्टी उरली : वाफेच्या जुन्या शिट्ट्यांच्या संग्रहामागचा इतिहास

वाफेचे इंजिन मोडीत निघते तेव्हा त्याचा बॉयलर, चाके, दट्टे हे सगळे भंगाराच्या भावाने जाते; शिट्टी मात्र पुष्कळदा वाचते. ती आट्यांवर बसवलेली असते, पान्याने सुटते आणि बहुधा एकट्या माणसाला उचलून नेता येते. जुन्या शिट्ट्या जमवण्याचा छंद उभा राहिला तो या साध्या सोयीवर. मात्र शिट्टी कुठून आली आणि कशासाठी होती, हे कळल्याशिवाय हातातल्या पितळेचा अर्थ लागत नाही, म्हणून हा मागोवा.

वाफेच्या शिट्टीचा जन्म रेल्वेत झालेला नाही. 1830 च्या दशकाच्या सुरुवातीला वेल्समध्ये मर्थिर टिड्फिलजवळच्या डाउलेस येथील लोखंडाच्या कारखान्यात एड्रियन स्टीव्हन्स हा अभियंता काम करत होता. त्या काळी बॉयलरमधले पाणी नकळत खाली गेल्याने भीषण स्फोट होत. त्याने बॉयलरमध्ये एक नळी सोडली आणि तिच्या वरच्या टोकाला शिट्टी लावली. पाणी ठरावीक पातळीच्या खाली गेले की नळीचे तोंड उघडे पडे, तिच्यात वाफ शिरे आणि शिट्टी आपोआप वाजू लागे. या कल्पनेचे पेटंट त्याने घेतले नाही, त्यामुळे ती कोणालाही उचलता आली.

रेल्वेच्या बाबतीत एक कथा वारंवार सांगितली जाते. 1833 साली इंग्लंडमध्ये लेस्टर-स्वॅनिंग्टन मार्गावर ‘सॅमसन’ नावाच्या इंजिनाने लोणी आणि अंडी घेऊन रूळ ओलांडणाऱ्या गाड्याला धडक दिली आणि त्यानंतर एका वाद्ये बनवणाऱ्या कारागिराकडून वाफेचा कर्णा करवून घेण्यात आला, अशी ही कथा आहे. तिच्या खरेपणाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. ती जशीच्या तशी खरी मानली तरी कर्णा वेगळा आणि शिट्टी वेगळी, हे भान ठेवायला हवे. संग्राहकांना परिचित असलेली घंटेच्या आकाराची शिट्टी डाउलेसच्या वंशातली आहे. 1835 पर्यंत ती लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेच्या इंजिनांवर आली होती.

तिची रचना एकदा जवळून पाहण्यासारखी असते. खाली एक वाटी, वाटीच्या तोंडावर चकती आणि या दोहोंच्या कडांमध्ये सगळीकडून सारखी, नखाच्या जाडीएवढी गोल फट. मधून वर जाणाऱ्या दांडीवर पालथ्या पेल्यासारखी घंटा बसवलेली असते. झडप उघडली की फटीतून वाफेचा पातळ, नळकांड्यासारखा पडदा उसळतो, घंटेच्या धारदार ओठावर आदळतो आणि क्षणात आत, क्षणात बाहेर झुकत थरथरू लागतो. त्या थरथरीने घंटेतला वायूचा स्तंभ घुमतो. घंटेची लांबी दुप्पट केली तर सूर साधारण एका सप्तकाने खाली येतो. ओठ आणि फट यांच्यातले अंतर थोडे बदलले, तरी भरदार आवाजाची जागा घोगरा आवाज किंवा नुसता फुसकारा घेऊ शकतो. अनेक वर्षे वापरलेली शिट्टी हातात घेतली तर फटीच्या कडेला क्षाराची पांढरी साय, ओठावर बारीक टवके आणि झडपेच्या दांड्यातले, दोरी ओढून ओढून एका बाजूला लांबट झालेले भोक दिसते. हे भोक पाहिल्यावर ती शिट्टी खरोखर राबलेली आहे याविषयी मला दुसरा दाखला लागत नाही.

सुरुवातीच्या शिट्ट्या एकसुरी आणि कर्कश होत्या. पुढे घंटेच्या आत आडपडदे घालून तीन, पाच किंवा सहा वेगवेगळ्या लांबीचे कप्पे करण्यात आले आणि एकाच वेळी अनेक सूर निघून स्वरमेळ ऐकू येऊ लागला. अमेरिकेत हा प्रकार फार रुजला. तिथले काही ड्रायव्हर स्वतःची शिट्टी बाळगत आणि इंजिन बदलले की ती नव्या इंजिनावर चढवत. दोरी कमीजास्त ओढून सूर चढवण्या-उतरवण्याची प्रत्येकाची लकब असे. 30 एप्रिल 1900 रोजी मिसिसिपीतील व्हॉन येथे झालेल्या अपघातात मरण पावलेला केसी जोन्स त्याच्या शिट्टीमुळे मार्गावरच्या लोकांच्या ओळखीचा होता. गाडी दिसण्याआधी आवाजावरून माणूस कळे. माझ्या मते संग्रहाची खरी सुरुवात इथे आहे. शिट्टी इंजिनाची न राहता एका माणसाची झाली.

कारखान्यातल्या भोंग्याचा इतिहास याहून कडू आहे. घरी घड्याळ नसलेल्या कामगाराला पहाटे उठवणारा, पाळी लावणारा आणि सोडणारा तोच होता. आसपासच्या लोकांच्या झोपमोडीच्या तक्रारी इतक्या वाढल्या की 1872 मध्ये ब्रिटिश संसदेने खास कायदा करून कामगारांना बोलावण्यासाठी किंवा सोडण्यासाठी वाफेची शिट्टी वाजवायला स्थानिक आरोग्य प्राधिकरणाची परवानगी आवश्यक ठरवली. इंग्लंडमधल्या स्विंडनच्या रेल्वे कारखान्याच्या भोंग्याविरुद्ध व्हायकाउंट बोलिंगब्रोक या उमरावाने तक्रार केली होती. तरीही तो भोंगा पुढे शतकभर गावाचे वेळापत्रक ठरवत राहिला आणि कारखाना बंद होताना, 26 मार्च 1986 रोजी, शेवटचा वाजला.

विसाव्या शतकाच्या मध्यावर डिझेल आणि विजेची इंजिने आली. अमेरिकेत 1960 च्या सुमारास मुख्य मार्गांवरची वाफ जवळजवळ संपली. ब्रिटिश रेल्वेची मुख्य मार्गांवरची वाफेची नियमित सेवा ऑगस्ट 1968 मध्ये संपली. पितळ आणि कांसे यांना मोडीतही चांगला भाव येत असल्याने असंख्य शिट्ट्या वितळल्या. ज्या वाचल्या त्या फोरमन, फिटर, ड्रायव्हर आणि भंगारवाल्याकडे वेळेवर पोचलेल्या हौशी लोकांमुळे. न्यूयॉर्कच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये मुख्य अभियंता कॉनरॅड मिल्स्टर यांनी आपल्या संग्रहातल्या शिट्ट्या संस्थेच्याच बॉयलरला जोडून नववर्षाच्या मध्यरात्री वाजवण्याची प्रथा 1965 मध्ये सुरू केली. 1942 मध्ये न्यूयॉर्कच्या धक्क्यावर जळालेल्या ‘नॉर्मंडी’ या फ्रेंच जहाजाची शिट्टीही त्यांत होती. 2014 च्या अखेरच्या रात्री ही प्रथा थांबली.

त्या प्रथेचे मोल वाफेमुळे होते. वाफेत ध्वनी हवेपेक्षा बराच वेगाने जातो: खोलीच्या तापमानाच्या हवेत सेकंदाला सुमारे 343 मीटर, तर 100 अंश सेल्सिअसच्या वाफेत सुमारे 470 मीटर. म्हणून संग्राहक दाबलेल्या हवेवर शिट्टी फुंकतो तेव्हा निघणारा सूर मूळ सुरापेक्षा खालचा असतो. यंत्र खरे असले तरी आवाज पूर्वीचा नसतो. दुसरी हानी हौसेपोटी होते. चकचकीत करण्याच्या नादात घासून घासून ओतकामाच्या खुणा, ठोकलेले आकडे आणि बनवणाऱ्याचे नाव पुसले जाते, ओठाची धार गोल होते आणि शिट्टी कोणत्या इंजिनावर किंवा कोणत्या गिरणीच्या छपरावर होती हे सांगणारा पुरावा कायमचा जातो. जुन्या ओतीव पितळेत आतून चीर असू शकते, त्यामुळे तपासणी न करता दाब देणे धोक्याचे ठरते. जाणकार संग्राहक आधी आटे मोजतो, फट आणि ओठ यांतले अंतर लिहून ठेवतो, ज्याने ती उतरवली त्याच्याकडून जागा आणि साल विचारून घेतो, आणि मगच फडके हातात घेतो.