कॉम्प्युटर आपोआप रिस्टार्ट होतो? आधी विहिरीचा पंप बघा

डिचोलीच्या मावशीचा फोन आला, बिलं टाईप करताना कॉम्प्युटर मधेच बंद होऊन परत चालू होतो, व्हायरस असेल म्हणून कोणीतरी पीसी क्लीनर टाकून दिला आणि शेजारणीने दिष्ट लागली म्हणून वर लिंबू-मिरची बांधली. जाऊन बघितलं तर रिस्टार्ट नेमका विहिरीचा पंप चालू करताना!

अपडेटचा रिस्टार्ट ओळखायला सोपा. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, 1074 नंबरची नोंद दिसली तर कोणीतरी सांगून बंद केलंय, विंडोज किंवा एखादा प्रोग्राम. अपडेटमुळे असेल तर सेटिंगमध्ये अॅक्टिव्ह अवर्स (ज्या वेळात अपडेटने आपोआप रिस्टार्ट करायचं नाही ती वेळ) 18 तासांपर्यंत वाढवा, विषय संपला. मावशीकडे मात्र नुसती 41 नंबरची नोंद, कर्नल-पॉवर, म्हणजे विंडोजला स्वतःलाच माहीत नाही काय झालं.

आता माझा आवडता भाग. एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतला वीजपुरवठ्याचा डबा, 230 व्होल्टचं एसी डीसी करतो आणि मोठ्या कॅपॅसिटरमध्ये साठवतो. साध्या एसएमपीएसमध्ये तिथे लाटेच्या शिखराएवढे, म्हणजे 325 व्होल्ट असतात. कॅपॅसिटर 340 मायक्रोफॅरडचा धरा, साठलेल्या ऊर्जेचं सूत्र अर्धा सी व्ही स्क्वेअर (सी म्हणजे कॅपॅसिटर, व्ही म्हणजे व्होल्ट) केलं की 18 ज्यूल. 220 व्होल्टखाली एसएमपीएस हात टेकतो असं समजू, तेव्हा आत 8 ज्यूल उरलेले असतात, म्हणजे वापरता येणारे 10. कॉम्प्युटर 150 वॉट खेचत असेल तर साधारण 65 मिलिसेकंद निघतात. पावसात तारेला झावळी घासून लाईट एकदा लुकलुकली तर एवढ्यात निभावतं. पण पंपाची मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, लांबच्या तारेवर व्होल्टेज 160 वर आलं की शिखर 226 च, दोन शिखरांच्या मधे कॅपॅसिटर 220 च्या खाली जातोच, आणि हे अर्धा सेकंद चालतं. कॅपॅसिटर भरणारच कुठून?

मग एसएमपीएस मदरबोर्डला जाणाऱ्या करड्या वायरवरचा ‘पॉवर गुड’ (वीज ठीक आहे) सिग्नल काढून घेतो. बोर्ड लगेच रिसेटमध्ये जातो, सिग्नल परत आला की पहिल्यापासून सुरुवात. म्हणून बंद न होता रिस्टार्ट. यात क्लीनर काय साफ करणार, आणि लिंबाचं तर सोडूनच द्या, त्याचं लोणचं तरी झालं असतं.

मावशीला यूपीएस, म्हणजे वीज पडली की लगेच बॅटरीवर घेणारा डबा, लावून दिला. घरी इन्व्हर्टर असेल तर मागे यूपीएस मोडचं बटण असतं ते बघा, साध्या मोडवर तो सावकाश बदलतो आणि तेवढ्यात पीसी गेलेला असतो.

यूपीएस लावूनही होत असेल तर सिस्टम प्रॉपर्टीजमध्ये ‘ऑटोमॅटिकली रिस्टार्ट’ची टिक काढा, निळा स्क्रीन असेल तर तो थांबून दिसेल. तोही नाही दिसला तर एसएमपीएस जुना झाला असू शकतो, कॅपॅसिटर उष्णतेने आतून सुकतात. पण घरी खोलून बघू नका, प्लग काढल्यावरही ते 300 व्होल्ट आत काही वेळ राहू शकतात.