४,२९,४९,६७,२९७ : फर्माला चकवणारी संख्या

२ च्या ३२ व्या घातात १ मिळवला की ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या मिळते. २ चा घातांक स्वतः १, २, ४, ८, १६, ३२ अशा दुपटीच्या क्रमातला असेल, तर त्या घातात १ मिळवून येणारी प्रत्येक संख्या मूळ असते, अशी अटकळ पियेर द फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने १६४० च्या सुमारास बांधली होती. ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या पहिल्या पाच संख्या खरोखरच मूळ आहेत. सहावी ही; आणि १७३२ साली लेओनार्ड ऑयलरने तिचे ६४१ आणि ६७,००,४१७ असे दोन अवयव दाखवून ती अटकळ मोडीत काढली.

सरळ भागाकार करत बसायचे, तर वर्गमुळापर्यंतच्या साडेसहा हजार मूळ संख्या तपासण्याची तयारी ठेवावी लागते. परंतु या संख्येच्या कोणत्याही मूळ अवयवाला ६४ ने भागले असता बाकी १ च उरते, हे ऑयलरने सिद्ध केले. ही अट पाळणाऱ्या मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१ अशा येतात, म्हणजे पाचव्याच भागाकाराला उत्तर हाती लागते. (फर्माला एवढे भागाकार जड नव्हते, ते त्याने का केले नाहीत, याचे नवल वाटते.)

६४१ ने भाग जातो हे तर भागाकार न करताही दाखवता येते. ६४१ म्हणजे ५ गुणिले १२८ अधिक १. म्हणून ५ आणि २ चा ७ वा घात यांच्या गुणाकाराला ६४१ ने भागल्यास बाकी उणे १ येते. त्या गुणाकाराचा चौथा घात घेतला की ६२५ गुणिले २ चा २८ वा घात मिळतो आणि बाकी १ होते. पण ६२५ हे ६४१ पेक्षा १६ ने कमी, म्हणजे बाकीच्या हिशेबात उणे २ चा ४ था घात. तेव्हा २ च्या ३२ व्या घाताची बाकी उणे १ ठरते आणि त्यात १ मिळवताच बाकी शून्य होते.

गंमत अशी की, फर्माच्याच एका सिद्धान्तावर आधारलेल्या कसोटीत ही संख्या उत्तीर्ण होते. मूळ संख्येहून एकाने कमी घातांक घेऊन २ चा घात काढला आणि त्याला त्या विषम मूळ संख्येने भागले, तर बाकी १ येते. संयुक्त असूनही आपल्या संख्येबाबत नेमके तेच घडते. २ ऐवजी ३ घेतल्यास मात्र तिचे सोंग टिकत नाही. ३ वर आधारलेल्या अशाच कसोटीमुळे याच मालिकेतली, २ चा घातांक १०,४८,५७६ असलेली, तीन लाखांहून अधिक अंकांची संख्या संयुक्त असल्याचे सिद्ध झाले आहे, पण तिचा एकही अवयव अद्याप कोणाला सापडलेला नाही.