इंग्लंडच्या चर्चमध्ये समलिंगी विवाह होतात का?

'चर्च ऑफ इंग्लंडने समलिंगी विवाह मान्य केला' हा दावा २०२३ पासून फिरतो आहे. तो चुकीचा आहे. त्या वर्षी फेब्रुवारीत चर्चच्या जनरल सिनॉडने (चर्चचे निर्णय घेणाऱ्या सभेने) समलिंगी जोडप्यांसाठी आशीर्वादाच्या प्रार्थनांना हिरवा कंदील दाखवला आणि डिसेंबरपासून नेहमीच्या उपासनेत त्या म्हणता येऊ लागल्या. एवढेच! उलट इंग्लंड-वेल्समध्ये समलिंगी विवाह कायदेशीर करणाऱ्या २०१३ च्या कायद्यानेच या चर्चला त्यातून वगळले. एखाद्या पाद्रीची मनापासून इच्छा असली, तरी त्याला असे लग्न लावता येत नाही. आपल्याच चर्चमध्ये लग्न व्हावे म्हणून वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्या जोडप्यांना 'आता मिळाले ना?' असे विचारणे मला क्रूर वाटते.

चर्च ऑफ इंग्लंडचे प्रमुख धर्मगुरू असलेले कँटरबरीचे आर्चबिशप म्हणजे अँग्लिकनांचे (चर्च ऑफ इंग्लंड आणि त्याच्याशी नाते असलेल्या जगभरच्या चर्चमधल्या ख्रिस्ती लोकांचे) पोप, हाही गैरसमजच. प्रत्येक प्रांत, म्हणजे त्या त्या देशाचे किंवा भागाचे अँग्लिकन चर्च, आपले नियम स्वतः ठरवतो. जगभरच्या अँग्लिकन बिशपांच्या १९९८ च्या लँबेथ परिषदेने ५२६ विरुद्ध ७० मतांनी समलिंगी संबंध बायबलशी विसंगत ठरवले, पण तो ठराव कोणावरही कायद्याने बंधनकारक नव्हता. म्हणूनच अमेरिकेच्या एपिस्कोपल चर्चने (तिथल्या अँग्लिकन चर्चने) २०१५ मध्ये, तर स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चने २०१७ मध्ये असे विवाह खुले केले. नायजेरिया आणि युगांडातील अँग्लिकन चर्च मात्र आजही ठाम विरोधात आहेत.