ऑस्ट्रेलियन चित्रपटांतील श्रमिक स्त्री

ऑस्ट्रेलियातील कष्टकरी स्त्रियांची मजुरी, घरभाडे, मुले, व्यसने, सरकारी भत्ते आणि पुरुषांशी असलेले त्यांचे संबंध फारसा मुलामा न चढवता दाखवणारी चित्रपटांची परंपरा. तिच्यामागे कोणताही जाहीरनामा नाही आणि चळवळ म्हणावी अशी दिग्दर्शकांची मंडळीही नाहीत. तरीही ‘कॅडी’ (१९७६), ‘फ्रॅन’ (१९८५), ‘हाय टाइड’ (१९८७), ‘ब्लेस्ड’ (२००९) आणि ‘हिअर आय ॲम’ (२०११) हे चित्रपट ओळीने पाहिले, तर हाती पैसा नसलेल्या बाईला आपली मुले आपल्याजवळ ठेवता येतात का, हा एकच प्रश्न त्यांत पुन्हा पुन्हा उभा राहतो. चर्चा बहुधा या चित्रपटांतील मारहाणीची, नशेची आणि कळकट खोल्यांची होते. त्यांना एकत्र बांधणारा धागा मात्र हा प्रश्न आहे.

मूकपटांच्या काळात रेमंड लाँगफर्ड यांच्या ‘द सेंटिमेंटल ब्लोक’ (१९१९) या चित्रपटाची नायिका लोणच्याच्या कारखान्यात बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवण्याचे काम करणारी होती आणि ती भूमिका लॉटी लायेल यांनी केली होती. पण तिचे काम ही कथेची केवळ पार्श्वभूमी होती. पुढे रे लॉलर यांच्या ‘समर ऑफ द सेव्हन्टीन्थ डॉल’ या नाटकात दारूच्या गुत्त्यावर काम करणाऱ्या ऑलिव्हला मध्यवर्ती स्थान मिळाले. त्यावरील १९५९ च्या चित्रपटाने मात्र कथानक मेलबर्नमधून उचलून सिडनीत नेले आणि नाटकाचा कठोर शेवटही मवाळ केला. त्यानंतरच्या दशकात देशी चित्रपटनिर्मिती जवळजवळ थंडावली. सरकारी अर्थसाहाय्यामुळे १९७० नंतर ती सावरली, तेव्हा आरंभीच्या गल्लाभरू विनोदी चित्रपटांत पुरुषांचाच धुमाकूळ होता.

डोनाल्ड क्रॉम्बी दिग्दर्शित ‘कॅडी’ने हे चित्र बदलले. एका बारमेडच्या १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनावर जोन लाँग यांनी पटकथा लिहिली आणि मुख्य भूमिका हेलन मोर्स यांनी केली. व्यभिचारी नवऱ्याचे घर सोडून दोन मुलांसह बाहेर पडलेली मध्यमवर्गीय स्त्री सिडनीच्या गुत्त्यात नोकरी धरते, असे १९२० च्या दशकातील हे कथानक आहे. न्यू साउथ वेल्समध्ये १९१६ पासून १९५५ पर्यंत गुत्ते संध्याकाळी सहाला बंद करण्याचा कायदा होता. त्यामुळे कामावरून सुटलेले पुरुष शेवटच्या तासाभरात अक्षरशः तुटून पडत, आणि त्या गदारोळात एकामागून एक पेले भरणाऱ्या बायकांचे काम चित्रपटाने जवळून दाखवले आहे. ‘कॅडी’ हे नाव तिला एक बेकायदेशीर सट्टेवाला कॅडिलॅक मोटारीवरून देतो. गिऱ्हाइकाच्या कौतुकात बाईची किंमत कशाशी जोडली जाते, हे त्या एका प्रसंगातून कळते. कामाच्या वेळा अशा, की मुले परक्यांच्या हवाली करण्यावाचून तिला गत्यंतर नसते. मंदीत हातची नोकरी जाते, अर्धपोटी राहून ती कोसळते आणि तेव्हा तिला आधार देतो तो दारोदार ससे विकणाऱ्याचा गरीब परिवार.

तिच्या अडचणीचे मूळ वेतनपद्धतीत होते. १९०७ च्या हार्वेस्टर निवाड्यात न्यायमूर्ती हिगिन्स यांनी पुरुष कामगार, त्याची बायको आणि तीन मुले यांचा साधेपणाने निर्वाह व्हावा, या हिशेबाने किमान वेतन ठरवले. या न्यायाने बाईची मिळकत दुय्यम ठरली आणि एकटीने मुले वाढवणारी आई त्या हिशेबात कोठे बसलीच नाही. समान वेतनाचे महत्त्वाचे निवाडे १९६९ आणि १९७२ साली झाले, तर एकट्या मातांसाठीचा सरकारी भत्ता १९७३ साली सुरू झाला. म्हणजे ‘कॅडी’ पडद्यावर आला तेव्हा ज्या व्यवस्थेवर तो बोट ठेवत होता, ती नुकतीच मोडू लागली होती. गतकाळातील पोशाख आणि देखणे चित्रण यांमुळे या चित्रपटाची धार काहीशी बोथट झाली आहे, हेही नमूद केले पाहिजे.

ती कसर ग्लेंडा हॅम्ब्ली यांच्या ‘फ्रॅन’ने भरून काढली. पर्थमध्ये घडणाऱ्या या चित्रपटाची नायिका सरकारी देखरेखीखाली परक्या घरांत वाढलेली, तीन मुलांची आई आहे. तिला भत्ता मिळतो, पण भत्ता देणारे खातेच तिच्या घरावर नजरही ठेवते. मालकाची जागा आता समाजकल्याण अधिकाऱ्याने घेतली आहे. फ्रॅनला पुरुषाची सोबत हवी असते, मौजही हवी असते, आणि त्यापायी ती मुलांना मैत्रिणीच्या गळ्यात टाकून निघून जाते. नोनी हेझलहर्स्ट यांनी ही बाई प्रेक्षकाच्या सहानुभूतीसाठी जराही हात न पसरता उभी केली आहे. या भूमिकेसाठी त्यांना ऑस्ट्रेलियन फिल्म इन्स्टिट्यूटचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. स्वतः सरकारी छत्राखाली वाढलेल्या मुलीची मुले पुन्हा त्याच छत्राखाली जातात, हे दाखवताना चित्रपट कोणाही एकाला खलनायक ठरवत नाही. या परंपरेतील सर्वांत निर्भय चित्रपट म्हणून त्याचाच उल्लेख करावा लागेल. आज तो फारसा पाहिला जात नाही.

गिलियन आर्मस्ट्राँग यांच्या ‘हाय टाइड’मध्ये प्रश्न उलट बाजूने येतो. एल्व्हिस प्रेस्लीची नक्कल करणाऱ्या गायकामागे सूर धरणारी लिली (जुडी डेव्हिस) नोकरी गमावून ईडन या किनारी गावात अडकते आणि चाकांवरच्या घरांच्या वसाहतीत मुक्काम करते. तेथेच तिने पूर्वी सोडून दिलेली मुलगी आजीपाशी वाढत असते. सामायिक न्हाणीघराच्या दाराखालून दिसणारे, वस्तऱ्याने पायांवरचे केस काढणाऱ्या मुलीचे पाय लिली पाहत राहते. भाड्याच्या वसाहतीत कोणाचेच काही खाजगी उरत नाही, ही वर्गीय वस्तुस्थिती आणि आईची ओढ त्या एका दृश्यात एकत्र येतात.

‘ब्लेस्ड’चा उगम मेलबर्न वर्कर्स थिएटरच्या १९९८ च्या ‘हूज अफ्रेड ऑफ द वर्किंग क्लास?’ या नाटकात आहे. ॲना कोकिनोस यांनी त्यातील एक दिवस प्रथम मुलांच्या आणि नंतर त्यांच्या आयांच्या बाजूने सांगितला. जुने कपडे दान करण्याच्या पेटीत झोपणारी बहीणभावंडे हा त्यातील सर्वांत असह्य भाग आहे. त्यांच्या आईच्या भूमिकेत फ्रान्सिस ओकॉनर आहेत. घरी बसून नगावर शिवणकाम करणारी ग्रीक वंशाची आईही त्यात आहे. स्थलांतरित बायकांच्या या घरगुती मजुरीची दखल पूर्वीच्या चित्रपटांनी क्वचितच घेतली होती. रोवन वुड्स यांच्या ‘लिटल फिश’मध्ये (२००५) मुलांचा प्रश्न नाही. सिडनीच्या कॅब्रामाटा भागात व्हिडिओच्या दुकानात काम करणारी, हेरॉइनमधून बाहेर पडलेली ट्रेसी (केट ब्लँचेट) बँकांपुढे कर्जासाठी हात जोडते आणि तिचा भूतकाळ आडवा येतो. तिच्या आईच्या भूमिकेत पुन्हा हेझलहर्स्ट आहेत.

आदिवासी स्त्रियांच्या बाबतीत केवळ वर्गाची चौकट पुरत नाही. त्यांची मुले सरकारने पिढ्यान्‌पिढ्या काढून नेली, ती वंशाच्या आधारावर. या ‘चोरलेल्या पिढ्यां’ची संसदेने औपचारिक माफी मागितली ती १३ फेब्रुवारी २००८ रोजी. बेक कोल यांच्या ‘हिअर आय ॲम’मध्ये तुरुंगातून सुटलेली कॅरन पोर्ट ॲडलेडच्या स्त्री-आश्रयगृहात राहून, आजीकडे असलेली आपली लेक परत मिळवू पाहते. आजीची भूमिका करणाऱ्या मार्सिया लँग्टन या प्रत्यक्षात मानववंशशास्त्रज्ञ आहेत. आश्रयगृहातील बायकांची थट्टामस्करी हा या चित्रपटाचा खरा ठेवा आहे. दुःखाचे प्रदर्शन मांडण्याचा जो दोष या परंपरेवर वेळोवेळी ठेवला जातो, तो येथे लागू होत नाही.

तो दोष सर्वस्वी निराधारही नाही. कथापटांतील श्रमिक स्त्री बहुधा एकटी असते. तिला मैत्रीण असते, पण कामगार संघटना नसते. ही उणीव माहितीपटांनी भरून काढली. ‘फॉर लव्ह ऑर मनी’ने (१९८३) ऑस्ट्रेलियातील स्त्रियांच्या वेतनी आणि बिनवेतनी श्रमाचा इतिहास जुन्या चित्रफितींतून जुळवला. ‘विमेन ऑफ स्टील’ (२०२०) हा माहितीपट वुलनगाँगजवळच्या पोर्ट केम्बला पोलाद कारखान्यात नोकरी नाकारल्या गेलेल्या स्त्रियांनी १९८० पासून दिलेल्या लढ्याचा आहे. त्यांत स्थलांतरित स्त्रियांचा मोठा भरणा होता, आणि प्रकरण ‘हाय कोर्ट’ या देशातील सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन १९८९ साली निकाल स्त्रियांच्या बाजूने लागला. दिग्दर्शिका रॉबिन मर्फी या स्वतः त्या लढ्यात होत्या आणि त्याच कारखान्यात त्यांनी पुढे अनेक वर्षे नोकरी केली.