नरक्यातले औषध आणि मेदाची कुपी

सह्याद्रीत वाढणाऱ्या नरक्या या दुर्गंधी फुलांच्या झाडाची चोरटी तोड होते, कारण त्याच्या लाकडात कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगाच्या पेशी मारणारे द्रव्य असते. हे द्रव्य प्रथम वेगळे केले गेले ते एका चिनी वृक्षातून, अमेरिकेत. १९६६ साली ते प्रसिद्ध करणाऱ्या मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या जोडीतले वाणी मूळचे नंदुरबारचे.

पेशी विभागण्याआधी तिच्या डीएनएचा पीळ सैल व्हावा लागतो. त्यासाठी टोपोआयसोमरेज-१ हे विकर (एन्झाइम) डीएनएचा एक धागा क्षणभर कापून पुन्हा सांधते. कॅम्प्टोथेसिन या सांधण्याच्याच आड येते आणि भराभर विभागणारी पेशी मरते. मात्र ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. विरघळावे म्हणून त्याचा सोडियम क्षार रुग्णांना देऊन पाहिला, तेव्हा गुण थोडाच आला, मूत्राशयातून रक्तस्राव मात्र होऊ लागला आणि १९७० च्या दशकात त्या चाचण्या थांबल्या. पुढे रेणूत फेरफार करून विरघळणारे इरिनोटेकॅन तयार झाले; पण रक्तात त्याच्या रेणूतले अणूंचे कळीचे वलय उघडते आणि औषधाचा जोर ओसरतो.

इथे नॅनोकण, म्हणजे अतिसूक्ष्म कण, उपयोगी पडतो. सुमारे ११० नॅनोमीटर व्यासाच्या, म्हणजे केसाच्या जाडीच्या पाचशेव्या भागाहूनही लहान अशा मेदाच्या कुपीत इरिनोटेकॅन भरले की ते रक्तात अधिक काळ टिकते. शिवाय गाठीतल्या घाईने वाढलेल्या रक्तवाहिन्या गळक्या असल्याने कुप्या तिथे पाझरून साठतात, अशी अपेक्षा असते. उंदरांत हे जितके ठळक दिसते तितके माणसांत दिसत नाही.

तुळशीच्या किंवा कडुनिंबाच्या अर्काने चांदीचे नॅनोकण बनवून काचेच्या बशीतल्या कर्कपेशी मारल्याच्या बातम्या वाचताना हा इतिहास आठवावा. बशीत पेशी ब्लीचनेही मरतात. अर्कात तर अनेक द्रव्ये असतात, त्यांचे प्रमाण झाडागणिक आणि ऋतूगणिक बदलते. कोणत्या द्रव्याने काय केले आणि निरोगी पेशींचे काय झाले, हे ठरवणे हेच खरे काम असते.

इरिनोटेकॅनच्या कुपीला अमेरिकेत २०१५ साली मान्यता मिळाली, ती पसरलेल्या आणि आधीच्या औषधाला न जुमानणाऱ्या स्वादुपिंडाच्या कर्करोगासाठी. निर्णायक चाचणीत नेहमीच्या दोन औषधांना तिची जोड दिल्यावर रुग्णांचे मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ) ४.२ महिन्यांवरून ६.१ महिन्यांवर गेले.